पुढच्या डाव्या चाकाच्या नटांबाबत पुरवणी जबाब

दि. ९/५/२००७

मी राघो हिराजी तरे, वय ५१ वर्षे, धंदा टायर व व्हील फिटिंग, रा. काल्हेर, ता. भिवंडी, जि. ठाणे. समक्ष हजर होऊन सांगतो की, परवा दि. ७ रोजी दिलेल्या जबाबात कुणाल पाटील यांच्या गाडीचे नट चोरट्यांनी ढिले केले असावेत, असे मी सांगितले होते. ते खोटे आहे. आज मी कोणी न बोलावता आलो आहे.

माझे दुकान वळ गावच्या रस्त्याला काळूराम पाटील यांच्या जागेत एकोणीस वर्षे आहे. कुणाल त्यांचा मुलगा. शुक्रवारी दि. ४ रोजी दुपारी तो नवी अलॉय चाके आणि बाजारातून आणलेले चकचकीत नट घेऊन आला. रविवारी चुलतभावाच्या वरातीला गाडी न्यायची होती. नटांचे आटे जुळले, हाताने शेवटपर्यंत फिरले. पण नटाचे बूड गोल आणि चाकाच्या भोकाची बैठक उतरती होती. असा नट नुसता कडेला टेकतो, बसत नाही. उतरत्या बुडाचे नट ठाण्याहून सोमवारी येतील, असे मी सांगितले. तो म्हणाला, "मामा, वरात रविवारची हाय. सोमवारी येऊन काय चाटायचेत?" मी बसवले. समोरासमोरचे नट घेत टॉर्कच्या पान्याने मापात आवळले. बूडच चुकीचे असल्यावर आवळून उपयोग नसतो, हे मला माहीत होते. मालकाच्या मुलाशी वाद घालायचा कंटाळा आला, एवढेच.

पन्नास किलोमीटर चालवून परत आवळायला आण, असे बजावले होते. शनिवारी त्याने आणली. सोबत आई जानकीबाई होत्या. सकाळी गाडीची पूजा झालेली, नटानटाला हळदकुंकू. मी पाना लावताच त्या म्हणाल्या, "राघो, पूजेच्या चाकाला पाना लावू नको. लगीन होऊन जाऊं दे." मी पाना खाली ठेवला.

रविवारी साडेचारच्या सुमारास गाडी दुकानावरून गेली. चाकातून टकटक आवाज येत होता. मी थांबायला हात केला. कुणालने उलट हॉर्न वाजवून हात हलवला. शंभरेक पावलांवर चाक निघाले आणि गोदामातून सुटून घरी चाललेल्या ठमाबाई मुकणे यांना लागले. गाडीतल्यांना खरचटलेही नाही.

संध्याकाळी काळूरामशेठ आले. चोरांचे सांग, म्हणाले. दुकानाच्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही. काढायची गरज नव्हती.

काल हॉस्पिटलात गेलो. ठमाबाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला आहे. मला पाहून त्या म्हणाल्या, "दादा, तू व्हतास ना तिथं? सगली बोलतात, मी रस्त्याच्या मधून चालत व्हते. खरंच व्हते का रं?" मी तसाच उठून बाहेर आलो. फार लाज वाटली.

तरी लिहावे की, त्या डांबर सोडून कडेच्या धुळीतून चालत होत्या. मी पाहिले आहे. नट चुकीचे होते आणि ते जाणून मी बसवले. दुकान जाईल. जाऊ दे, आता थकलो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. ठमाबाईंना वाचता येत नाही. त्यांनाही तो असाच वाचून दाखवावा.