सात नंबरचा क्रान

(शिकागो, मार्च १९४०. व्यावसायिक बास्केटबॉलच्या जागतिक अजिंक्यपदाचा पहिला सामना पाऊण तासावर आलेला. कपडे बदलायच्या खोलीत संघाचे मालक ओटो आणि त्यांचा खेळाडू एमिल क्रान.)

एमिल : मयताच्या घरचं ते हळू बोलणं माझ्यापुढे नको, ओटोकाका. मी अजून मेलेलो नाही.

ओटो : अंत्यविधीचाच धंदा माझा, बाळा. आवाज तसाच झालाय. तू आधी बस बघू.

एमिल : बसलो तर उठता येणार नाही.

ओटो : मी तेच म्हणतोय. गुडघा बघ केवढा सुजलाय.

एमिल : अख्खा हिवाळा याच गुडघ्यावर काढला ना? तुमची शववाहिका बर्फातून कोणी हाकली? निम्मी पोरं मागे शवपेटीच्या जागेवर पाय पसरून घोरायची. तेव्हा नाही कुणाला दिसला गुडघा!

ओटो : विसरलो नाही रे. पण समोरच्या संघात साडेसहा फुटी सेंटर आहे. म्हणून लुंडीनला आणलाय, मिनेसोटाहून. या स्पर्धेपुरता. आज हरलो की गाशा गुंडाळायचा.

एमिल : मग खेळवा की त्याला. त्यासाठी माझा शर्ट कशाला मागताय?

ओटो : यादी गेल्या महिन्यातच बंद झाली. दहा नावं, दहा शर्ट. त्यात लुंडीन नाही. म्हणून तो सात नंबर घालून...

एमिल : बोला ना.

ओटो : एमिल क्रान म्हणून उतरेल. इथे तुला ओळखतंय कोण?

एमिल : वा! चार वर्षं घाम गाळला, त्याचं हे फळ.

ओटो : बाहेर नऊ जण नाड्या बांधून बसलेत. 'एमिलला बसवा' असं एकानंही म्हटलं नाही. म्हणणारही नाहीत. पण हिवाळा त्यांनीही काढलाय.

एमिल : आणि पपा? अर्धांग झाल्यापासून आईनं त्यांचा पलंग रेडिओपाशी सरकवलाय. तिकडे गावी सामन्याच्या वर्णनात माझं नाव ऐकायला बसलेत ते.

ओटो : मग ऐकू दे की! क्रान, पुन्हा क्रान! एवढं कौतुक त्यांना...

एमिल : माझ्याकडून मिळालं नसतं. बोलून टाका एकदाचं.

ओटो : रागावू नकोस, पण फाउलचे दोन फ्री थ्रो मिळाले की दुसरा तू घालवतोसच.

एमिल : ठाऊक आहे. पहिला जाळीत पडला की पपाच म्हणतात, 'आता दुसरा गेला!' आणि जातोच मेला.

ओटो : एमिल... वेळ होतेय रे.

एमिल : घ्या. ओढू नका, काखेत उसवलाय.

ओटो : मन मोठं आहे तुझं.

एमिल : मन-बिन काही नाही. नुसता संताप होतोय. आणि त्या लुंडीनला एक सांगा.

ओटो : काय?

एमिल : दोन फ्री थ्रो मिळाले, तर दुसरा चुकव म्हणावं. नाहीतर पपा ओळखतील.