पंचनाम्यापुरती म्हैस

...परत आणून देतो म्हणाले आणि दिलीही आणून, उगाच खोटं कशाला बोलू, पण तिचा एक कान गेला होता ना! थांबा, पहिल्यापासून सांगते.

पुराचं पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा आमचे हे मला माळ्यावर ओढत होते, त्या गडबडीत म्हैस सोडायचं राहूनच गेलं, दाव्यालाच बुडाली बिचारी. माझ्या हातची हो, दुसऱ्या कुणाला धार काढू द्यायची नाही. शेजारी आमचे धाकटे दीर, त्यांनी मात्र आपली म्हैस वेळेवर सोडली, तर ती गेली वाहून. मेल्या दोघीही, पण सरकारची मदत कुणाला? जो मढं दाखवेल त्याला. म्हणजे जिला वाचवायला धडपडले तिचं काही नाही, आणि जिला आम्ही बांधून मारली तिचे पैसे मिळणार.

रस्ता खचलेला, साहेब येईनात, पंचनाम्याशिवाय पुरायचं नाही, म्हैस अंगणात फुगत चाललेली... एका हातानं नाक दाबून जेवतोय आम्ही, तर भाऊजी दारात. ‘वहिनी, तुमची म्हैस जरा द्याल का? पंचनाम्यापुरती. साहेब आधी माझ्याकडे येणार, ते मागच्या गल्लीत गेले की आणून टाकतो.’ वाटीभर साखर मागावी तशी मेलेली म्हैस मागणारा माणूस पाहिलाय तुम्ही? मी नको म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, ‘दे गं, धाकटा आहे.’ जसं काही माझ्या कडेवरच होती ती. ट्रॅक्टरला बांधून नेली ओढत.

साहेब आले, जनावरांचे डॉक्टर आले, फोटो झाला, आणि डॉक्टरांनी कात्री काढून कान कापला की हो तिचा. एकच जनावर दोनदा मरू नये म्हणून, नियमच आहे म्हणे.

मग ती तशीच आमच्या अंगणात. साहेब बघतात तर, ‘अहो, ही मघाशी भेटली आम्हाला. आमची पाठ वळल्यावर ओढून आणलीत?’ मी म्हटलं, ‘साहेब, माझीच आहे ती.’ त्यांनी भाऊजींना बोलावलं, ‘खरं सांगा, कुणाची?’ आणि भाऊजी... अहो, तिच्या पोटावर हात ठेवून रडले. ‘माझीच साहेब. लेकरासारखी वाढवली.’ हुंदक्यावर हुंदके. मी कोरडी उभी, माझं रडून आधीच झालेलं. डॉक्टर म्हणाले, ‘बघा, ज्याचं जनावर त्यालाच दुःख.’ मी ह्यांच्याकडे बघितलं. खरं बोलावं तर सख्खा भाऊ तुरुंगात जातोय, म्हणून हे आपले नखं बघत उभे. सरकारला फसवता म्हणून साहेबांनी आमचं नावच खोडलं, बुडालेल्या पिकाचीसुद्धा मदत गेली. वर जाता जाता म्हणतात, ‘मढं तुमच्या अंगणात आहे, आजच्या आज पुरा.’ खड्डा आम्ही दोघांनी खणला, भाऊजींना रडून थकवा आला होता.

पुढे मदत जमा झाली, त्यांनी नवी म्हैस घेतली, चांगली दुभती. आता दूध तिथूनच घेते, दुसरीकडे जाऊ कुठे... आणि जाऊबाई स्वभावानं चांगल्या आहेत हो, आम्ही घरचे म्हणून पाणी जरा बेतानं घालतात.