पेन्सिलीतली ताकीद

वकीलबाई : चाळीस फायली पाहिल्या. एकाही माणसाला कधी ताकीद नाही. हा धुलाईचा कारखाना आहे की साधूंचा आश्रम?

काका : ताकीद असते, मॅडम. म्हणजे, होती.

वकीलबाई : होती म्हणजे?

काका : मी पेन्सिलीने लिहितो. माणूस सहा महिने नीट वागला की खोडतो.

वकीलबाई : अच्छा, म्हणून गेटवरच्या रखवालदाराने विचारलं, ‘खोडरबरकाकांकडे का?’ मला वाटलं, खरंच आडनाव असेल एखादं.

काका : आडनाव कसलं! माझी पाठ वळली की खोडरबर. तोंडावर नुसतं काका.

वकीलबाई : आणि या बाईंची फाईल? इस्त्रीच्या रोलरवरच्या. मालकांनी मला खरं तर यांच्यासाठीच बोलावलंय. सोमवारी त्यांना काढायचंय, आणि त्या कोर्टात गेल्या तरी कंपनीला झळ लागता कामा नये.

काका : उशिरा येते, ते खरं आहे. तीनदा लिहिलं होतं मी.

वकीलबाई : आणि तीनदा खोडलंत?

काका : दोनदा. तिसरं आहे की अजून. हे काय, कोपऱ्यात.

वकीलबाई : ‘पुन्हा उशीर. आई अंथरुणाला खिळलेली. बोललो.’ अहो, याला ताकीद म्हणतात? ना तारीख, ना त्यांची सही!

काका : सही कशाला? समोर बसवून बोललो. रडली. मग चहा पाजला.

वकीलबाई : कोर्ट चहा धरत नाही पुराव्यात.

काका : या, साहेब. खुर्ची घ्या.

मालक : बसायला वेळ नाही, काका. हॉस्पिटलची गाडी उभी आहे खाली, सहाशे चादरी जायच्यात. मॅडम, सोमवारचं पत्र टाईप करायला सांगू ना?

वकीलबाई : कशाच्या जोरावर? फाईल कोरी आहे.

मालक : कोरी कशी असेल? काकांनी तीन ताकिदी दिल्यात, साऱ्या कारखान्याला ठाऊक आहे.

वकीलबाई : कारखान्याला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक नाही.

मालक : मग आता लिहा की! काका, हे घ्या पेन. तीन ताकिदी, मागच्या तारखा टाका, विषय संपला.

वकीलबाई : साहेब, तुम्ही मला जोखीम कमी करायला बोलावलंत. ही जोखीम नाही, हा सरळसरळ खोटेपणा आहे. लिहिणार असाल तर मी निघते.

काका : मॅडम थांबल्या तरी मी लिहिणार नाही, साहेब. मीच खोडलंय. खोडताना तिला म्हणालो होतो, झालं गेलं विसरलो.

मालक : माझ्या बाबांनीच, ते मालक असताना, डोक्यावर चढवून ठेवलंय सगळ्यांना. मग काय, ती रोज उशिरा येणार आणि मी बघत बसणार?

वकीलबाई : नाही. आज पहिली ताकीद द्या. लेखी, तारखेसकट. त्याखाली त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत. एक प्रत त्यांना. तीन महिन्यांची मुदत. त्यातही सुधारणा नसेल तर पुढचं पाऊल. आणि नियम सगळ्यांना सारखा.

मालक : सारखाच आहे.

वकीलबाई : हजेरीपुस्तकात तुमचे मेहुणे या वर्षी सतरा वेळा उशिरा आहेत. या बाई नऊ वेळा.

मालक : मेहुण्यांना मध्ये आणू नका.

वकीलबाई : मी नाही आणलं. या बाईंच्या वकिलाला ते हजेरीपुस्तकातच सापडतील.

मालक : ठीक आहे, द्या तिला मुदत. पण हा घोळ कोणामुळे झाला ते तुमच्या अहवालात स्पष्ट लिहा. नावानिशी. मी त्या चादरींचं बघतो.

(मालक जातात. जिन्यावरून त्यांचा फोनवरचा आवाज येत राहतो.)

काका : तिची नोकरी वाचली. आभारी आहे.

वकीलबाई : माझे कसले आभार? कायदाच तसा आहे. काका, मन घट्ट करा. या कारखान्यातली सगळ्यात मोठी जोखीम तुम्ही आहात. मला तसंच लिहावं लागेल.

काका : लिहा ना. खरं आहे ते.

वकीलबाई : मागच्या वर्षी फोरमनने रोलरची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. तीही ताकीद खोडलीत?

काका : सहा महिने झाले होते. सातव्या महिन्यात त्याने पुन्हा काढली आणि एका नव्या पोरीची बोटं भाजली.

वकीलबाई : आणि कोर्टात दाखवायला आपल्याकडे चिठोरंही नव्हतं.

काका : कोर्टाचं सोडा. मला त्या पोरीला तोंड दाखवायला जागा नव्हती. उशिराचं खोडावं, मॅडम. जाळीचं खोडायला नको होतं. फार वाईट वाटतं. तेही लिहा हवं तर.

वकीलबाई : वाईट वाटण्याचा रकाना नाही माझ्याकडे. अहवाल वाचून मालक तुम्हाला घरी बसवतील, कल्पना आहे ना?

काका : लगेच कसे बसवतील? आधी लेखी ताकीद, तारीख, माझं म्हणणं, तीन महिने मुदत. आताच म्हणालात.

वकीलबाई : भराभर शिकता तुम्ही.

काका : शिकवणारं भेटलं तर शिकतो माणूस.

वकीलबाई : बरं. मग आजची पहिली ताकीद तुम्हाला. पेनाने. तुमची स्वतःची फाईल काढा, आधीचं काही आहे का पाहू दे.

काका : खालच्या कप्प्यात आहे. जपून, दोरी कुजलीय.

वकीलबाई : तीही कोरीच. थांबा. खिडकीशी धरल्यावर दिसतंय, इथे कागद पातळ झालाय. कोणीतरी खोडलंय.

काका : माझ्या आधीचे साहेब. मी नवीन लागलो होतो तेव्हा.

वकीलबाई : काय लिहिलं होतं?

काका : आता वाचता येत नाही, मॅडम. म्हणून तर एकतीस वर्षं झाली मला इथे.