भोयर सरांच्या पेटीतलं माझं खोटं कार्ड

काकू, सर्व गुरुजन, आणि सरांच्या हाताखाली शिकून गेलेले आपण सगळे,

माझं नाव दोनदा पुकारावं लागलं, त्याबद्दल माफ करा. आधीच्या मंडळींनी सरांची विद्वत्ता सांगितली, साधेपणा सांगितला. सगळं खरं आहे. पण मी कौतुक करायला उभी नाही. मला मधे थांबवू नका. थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही.

मी सुनंदा. अल्लीपूरची. आता सेलूला शाळेत इतिहास शिकवते. याच हॉलच्या वरच्या वर्गात भोयर सरांनी आम्हाला ज्यूंचा इतिहास शिकवला. अभ्यासक्रमात तो होता अर्ध्या पानाचा. सर तो वर्षभर शिकवायचे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल त्यांनीच आम्हाला सांगितले. आणि युरोपात गावंच्या गावं कशी पुसली गेली, तेही.

लोक त्यांना हसायचे. हिंगणघाटात एक तरी यहुदी आहे का, काऊन एवढा जीव टाकता, असं विचारायचे. सर म्हणायचे, "इथं त्याइच्यासाठी रडाले कोणी नाई, म्हणूनच."

आणि सरांची ती पद्धत. तुम्हाला आठवते ना? जूनमध्ये प्रत्येकाला एक कार्ड मिळायचं. सरांच्या हातचं. त्यावर तिकडं युरोपात मारल्या गेलेल्या एका ज्यू माणसाचं नाव, गाव, धंदा. मागे पुस्तक आणि पान. सुट्ट्यांमध्ये मुंबई-दिल्लीच्या ग्रंथालयांत बसून सरांनी ती उतरवून आणलेली. एका माणसाचं एकच कार्ड. ते वर्षभर सांभाळायचं आणि मार्चमध्ये परत करायचं. इथं बसलेल्या कितीतरी जणांनी असं एकेक माणूस सांभाळलं आहे.

मी नाही सांभाळलं.

माझं कार्ड अल्लीपूरच्या बसमध्ये झोळ्यातून पडलं. ती एक बाई होती, हातमोजे शिवणारी. एवढंच आठवतं. नाव आठवत नाही. गाव आठवत नाही. किती रात्री... जाऊ द्या. मार्च आला. सर रागावतील म्हणून नाही हो, सर कधी रागवायचे नाहीत. त्यांचा चेहरा उतरेल, याची भीती वाटली. मी तसलंच एक कार्ड कापलं. सरांचं अक्षर मला छान जमायचं. नाव लिहिलं मिरियम. धंदा, बटणांचं दुकान. ते दुकान मी आपल्या बाजारातलं उचललं. मागचं पुस्तक आणि पान मैत्रिणीच्या कार्डावरून उतरवलं. सरांनी ते घेतलं, पेटीत ठेवलं, आणि मला शाबासकी दिली. ऐकताय ना? शाबासकी दिली.

मग मी विसरले. खरंच विसरले. माणूस किती सहज विसरतो!

दोन महिन्यांपूर्वी सरांचा ग्रंथ छापायला जाणार होता. शेवटी सगळ्या कार्डांवरच्या नावांची यादी होती. मुद्रितं तपासायला सरांनी माझ्याकडे पाठवली, विश्वासाने. आणि यादीत मिरियम. बटणं विकणारी. खऱ्या मेलेल्यांच्या रांगेत, न जन्मलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं हिंगणघाटला आले. काकूंनी चहा ठेवला होता. मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी मुद्रितं मागून घेतली, ते नाव शोधलं. मग म्हणाले, "सुनंदा, एक खोटी बाई आत बसली अन् एक खरी बाहेर राह्यली. हे सारं झालंच नाई म्हणणारे लोक हायेत. त्याइले ही एकच बाई पुरते."

मी रडायला लागले. सरांनी रडू दिलं. नंतर हळूच विचारलं, "ते बाई एकदा तिकडं गेली, अन् एकदा तुह्या झोऱ्यातून. आता तिले कोणी शोधावं?"

त्यांनी छपाई थांबवली. पेटी काढली. एक कार्ड खोटं निघालं, तर बाकीच्यांची खात्री कशी द्यायची? प्रत्येक कार्ड मूळ पानाशी ताडून पाहायचं ठरवलं. डोळ्यांना त्रास, पायांना सूज. ग्रंथालयात जाणं होईना. मग ओळखीच्यांना फोन करून पानांचे फोटो मागवायचे, भिंगातून बघायचे, कार्डावर लहानशी खूण करायचे. काकूंनी विनवलं, मी विनवलं. ऐकलं नाही. मागच्या गुरुवारी खुर्चीतच गेले. हातात कार्ड होतं. अर्ध्याहून जास्त पेटी तपासायची राहिली आहे.

काकू, तुमच्या माणसाचे शेवटचे दोन महिने मी खाल्ले. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

पेटी आता माझ्याकडे आहे. काकूंनीच दिली. मी ती पुरी करणार. हातमोजेवालीही शोधणार, सापडली तर. पण मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. इतकी वर्षं, इतके वर्ग. कार्ड हरवणारी मी एकटीच असेन का? खरं सांगा, एकटीच असेन?

आता आपण सरांसाठी उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलणार नाही. त्या दोन मिनिटांत प्रत्येकानं आठवायचं, जूनमध्ये घेतलेलं कार्डच मी मार्चमध्ये परत दिलं होतं का. मौन झालं की लगेच निघू नका. ज्यानं माझ्यासारखं केलं असेल त्यानं माझ्याजवळ यावं. मी कारण विचारणार नाही. फक्त खोट्या कार्डावरचं नाव सांगा, म्हणजे मला ते यादीतून काढता येईल.

चला, उभे राहू.