परत द्यायचा डबा

आचारीण : हे काय? परत द्यायला नेलेला डबा घेऊनच आलात?

आचारी : नुसता नाही, भरून आणलाय. चारही कप्पे! कालचा भात, कालच्या रश्श्यातले बटाटे, वाटाणा, आणि खाली पाव. पाव म्हणजे दगड झालाय, पण तुझ्या हातात गेला की लोणी.

लेक : बाबा, तुम्ही काल निवृत्त झालात. हार घातला, भाषण झालं, घड्याळ दिलं. कारखान्याच्या कॅन्टीनशी आता तुमचा काय संबंध?

आचारी : अगं, आचारी निवृत्त होतो, उरलंसुरलं कधी निवृत्त होतं का? नव्या आचाऱ्याला म्हटलं, बाबा रे, तुझं टाकायचं वाचेल, माझं बाजारातून आणायचं वाचेल. गडी लगेच कबूल! रोज साडेअकराला जायचं, डबा घेऊन यायचं.

आचारीण : रोज?

आचारी : रविवार सोडून. रविवारी शनिवारचं असतंच की.

लेक : आईला विचारलंत?

आचारी : तिला काय विचारायचं? अगं, एकदा साहेब अचानक दारात उभे. बरोबर सात माणसं. घरात काय, तर अर्धी वाटी भात आणि एक टोमॅटो. तोही रुसलेला! हिनं असं काही करून वाढलं की साहेब ताट चाटून गेले, आणि वर टोमॅटो उरला!

लेक : मागच्या वेळी पाच माणसं होती.

आचारी : दोघं मागाहून आले.

आचारीण : सगळे मिळून तिघं होते. आणि मी उपाशी झोपले. टोमॅटो तेवढा खरंच उरला होता.

लेक : माझा शाळेचा डबा आठवतो? झाकण उघडलं की मुली नुसत्या वासावरून सांगायच्या, काल कारखान्यात काय शिजलं होतं. त्यांच्या बापांनी आदल्या दिवशी तेच खाल्लेलं असायचं ना!

आचारी : पण तू मिटक्या मारत खायचीस की नाही? पावाचा चुरा, त्यात उरलेला वाटाणा, दाबून टिक्क्या, तव्यावर तेलाचं बोट. पाच मिनिटांत तयार! मी तीनशे माणसांचं रांधायचो, पण माझ्या हाताला ती चव नव्हती. खोटं बोलत असेन तर जीभ झडो.

आचारीण : म्हणून बाजार बंद केलात होय?

आचारी : भरल्या घरात बाजार कशाला?

आचारीण : हेच ऐकत एकतीस वर्षं गेली. लग्न होऊन आले तेव्हा आईकडून तीन भाज्या शिकून आले होते मी. पहिल्याच दिवशी तुम्ही हा डबा पुढ्यात ठेवलात. म्हणालात, आजच्या दिवस भागव.

आचारी : भागलं की नाही?

आचारीण : भागलं. काल तुम्हाला हार घातला ना, तेव्हा मी टाळ्या वाजवत मनात वांगी चिरत होते. आज सकाळी उठले आणि बाजार गाठला. कोवळी वांगी, नवे बटाटे. भाजीवाला म्हणाला, मावशी, पाहुणे यायचेत वाटतं? म्हटलं, हो. मीच.

लेक : म्हणून तर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय. बाबा, तो डबा तिकडे कोपऱ्यात ठेवा. आज आईच्या हातचं जेवायचं.

आचारी : मग इतकी वर्षं काय माझ्या हातचं जेवलीस?

आचारीण : हो. रांधलेलं तुमचंच. मी फक्त त्याचे कपडे बदलायचे. बसा आता.

(तिघं जेवायला बसतात. आचारी आणि लेक पहिला घास घेतात. दोघं एकमेकांकडे बघतात.)

आचारीण : एकमेकांकडे काय बघताय? कच्ची राहिली का?

लेक : नाही गं, मऊ शिजलीय. आई… मीठ?

आचारीण : मिठाचं काय?

लेक : घातलंस ना?

आचारीण : घालायचं कशाला? असतंच की ते आधीपासून.

आचारी : हा हा हा! अगं, एकतीस वर्षं मीठ मी घालत होतो!

लेक : हसू नका, बाबा. तू बस आई, मी आणते बरणी. वरून घेऊ थोडं. … अगं, बरणी तर रिकामी आहे.

आचारीण : सकाळी डबा घासायला गेलं सगळं. तेलकट वास हटत नव्हता त्याचा. म्हटलं, शेवटचं घासणं आहे, परत द्यायचाय, चकचकीत करून द्यावा.

लेक : मी खालच्या दुकानातून आणते. ही गेले, ही आले.

आचारीण : राहू दे.

आचारी : दुकान कशाला? डबा आहे की! काल हार-तुऱ्यांच्या गडबडीत माझ्या हातून रश्श्यात मीठ दोनदा पडलं. शेवटचा दिवस ना. … एकतीस वर्षांत पहिल्यांदा पडलं बरं का.

आचारीण : द्या इकडे. पोरी, कढई चढव. पाव कुस्करून घे, बारीक. डब्यातले बटाटे घाल, वर माझी भाजी सगळी ओत.

आचारी : अस्सं! बघ, बघ, हात कसा चालतोय! … हं. वा! वांग्याला जीव आला! उद्या कॅन्टीनमध्ये सांगतो, घरात एक सुकलेलं वांगं, आणि जेवायला अकरा माणसं!

लेक : आई, तू घे ना.

आचारीण : कशी झालीय?

लेक : चांगली झालीय.

आचारीण : खरं सांग.

लेक : नेहमीसारखी.

आचारीण : मग तेवढा डबा घासून दाराशी ठेव. सकाळी निघताना ह्यांना सापडत नाही.