दोन उलथनी

चौऱ्याऐंशी सालचा मे. राजापूरच्या स्टँडवर रत्नागिरीची गाडी अजून लागायची होती. रांगेत माझ्यापुढे दोन बायका बोलत होत्या.

“राहीकाकी, पिशवीत दोन-दोन उलथनी?”

“आमच्या जनूची करणी. उन्हावर भात शिजवायची पेटी केलीन ना!”

“इंजिनेर मुलगा तुमचा! शिजतो भात?”

“शिजतो की. आठला लावला की बाराला तयार. पण आमचे हे अकरालाच पाटावर बसतात.”

“मग?”

“मग भात चुलीवर, नि पेटीत आमसुलं वाळत घातली. आत वाफ धरायला लागली, म्हणून उलथन्याचा दांडा तापवून पेटीला चार भोकं पाडली.”

“अगो बाय! जनू ओरडला असेल.”

“मलाही तसंच वाटलं. तर विचारतो कसा, ‘आई, किती दिवसांत वाळली?’ म्हटलं, दोन. अंगणात आठ लागतात. लगेच वही काढलीन, भोकं मोजलीन.”

“आणि?”

“उन्हाच्या पेटीत झटपट वाळवायचं कसं, दहा वर्षं हेच शोधत होता म्हणे. भोकाचं माप हापिसातल्या साहेबांना दाखवायला माझं उलथनं मुंबईला नेलंन! चार दिवस भाकरी हातानं उलटतेय.”

“म्हणून नवीन घेतलंत. पण दुसरं?”

“ते जनूला. पुढचा शोध स्वतःच्या उलथन्यानं लावू दे.”