लूपची हद्द किती वेळा विचारायची

...आणि वर मलाच सांगतात, प्रोग्राम चुकलाय! बावीस वर्षं चालला तो, तुम्हाला सांगतो, खाडीला भरती आली की आपल्या पालिकेच्या होल्डिंग पाँडची, म्हणजे पावसाचं पाणी धरणाऱ्या तलावाची, कुठली झडप कधी बंद करायची ते बिनबोभाट सांगत आला, आणि तो लिहिणारी नंदिनी, म्हणजे माझी बायको, जाऊन आठ महिने होत नाहीत तोच चुकला?

झालं काय, की तो आमच्या महाप्याच्या ऑफिसात नव्या कंपायलरवर चढवला. कंपायलर म्हणजे माणसाने फोरट्रान भाषेत लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजावणारा दुभाषी, तो बनवणं हेच आमचं पोट. नव्यात एक लूप, म्हणजे एकच गणित पुन्हापुन्हा करणारी फेरी, मशीनमधल्या आठ कामगारांत वाटता येतो, समांतर, म्हणजे चाळीस झडपांचं गणित आठ जण एकदम करणार... आणि उत्तरं आली नऊ झडपांची. बाकी कोरं.

आमचा टीम लीड हितेश, घणसोलीचा, सरळ माणूस, हळूच म्हणाला, "सर, वाईट नका वाटून घेऊ. जुना कोड हाय, मॅडमच्या हातून राहिलं असंल. संध्याकाळच्या रिपोर्टात 'सदोष' टाकू, पालिकावाले नवा लिहून घेतील."

सदोष? अहो, ही बाई घरात पोळ्या किती ते कणीक भिजवायच्या आधी विचारायची, मी तीन म्हटलं की तीन, जेवताना चौथी मागितली तर म्हणायची, "विचारलं तेव्हा कुठे होतास?" एकदाच विचारायचं, सुरू करायच्या आधी! फोरट्रानचा नियम तरी दुसरा काय आहे? लूप कुठवर जायचा ती हद्द एकदा काढा, आठही जणांना तीच सांगा, मग कामाला लावा.

जेवण सोडून बसलो, कंपायलर उघडला, बघतो तर आठही कामगार आपापली हद्द विचारायला आकड्यांच्या फाइलपाशी हजर! पहिल्याला चाळीस मिळाले, दुसऱ्याने त्याखालची ओळ उचलली, ती भरतीची उंची, चार, म्हणून त्याच्या लेखी झडपाच चार, पुढच्यांना असेच भलते आकडे... एकदाच विचारायचं, सुरू करायच्या आधी, एवढं ज्याला कळत नाही तो कोण गाढव, म्हणून ते लिहिणाऱ्याचं नाव शोधलं.

अरविंद. मीच.

तारीख गेल्या श्रावणातली. हॉस्पिटलात तिच्या पलंगाशी बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहिलेलं. काय लिहितोयस, तिने विचारलं होतं. म्हटलं, तुझ्या लूपला वेग आणतोय.

"हद्द एकदाच काढतोयस ना?"

"हो गं, झोप तू." स्क्रीनवरून मान न उचलता.

चार ओळी होत्या हो. लूपच्या आतून उचलून वर ठेवल्या, चाळीसच्या चाळीस उत्तरं आली. रिपोर्टात लिहिलं, प्रोग्राम निर्दोष, चूक कंपायलरची, करणारा अरविंद. हितेश म्हणाला, सर, नाव कशाला टाकता. म्हटलं, राहू दे.

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचं बरोबर आणि माझं चूक हे पहिल्यांदा लेखी दिलं, तुम्हाला सांगतो... आणि वाचलं कोणी, तर हितेशने.